बोनलेस चिकनवर वाढवलेलं पिल्लू उठायचं बंद झालं: एका रॉ डाएटची पूर्ण केस

कुत्र्याला कच्चं, नैसर्गिक खाणं, म्हणजे रॉ डाएट, द्यावं का हा प्रश्न आजकाल क्लिनिकमध्ये आठवड्यातून एकदा तरी येतोच, आणि त्यावर नुसतं हो किंवा नाही सांगून भागत नाही, म्हणून ही एक केस सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहितेय. घर ओळखू येऊ नये म्हणून माणसांबद्दलचे एक-दोन तपशील बदललेत, बाकी कुत्र्याचं खाणं, दुखणं आणि तपासण्या जशा होत्या तशाच.

पेशंटचं नाव खंड्या. जर्मन शेफर्ड, नर, साडेचार महिन्यांचा, वजन १६ किलो, साताऱ्याजवळच्या गावातला. तक्रार अशी की तीन आठवड्यांपासून लंगडतोय, आधी पुढचा डावा पाय, मग तो बरा वाटला तर मागचा उजवा, मग नक्की कुठला दुखतोय तेच कळेना, आणि आता चार दिवस झाले उठतच नाही. ताट पुढे सरकवलं की बसल्या बसल्या खातो, उचलायला गेलं की किंचाळतो. ताप नाही, उलटी नाही, भूक मस्त, आणि अंगावरचे केस असे चकाकत होते की वेटिंगमधल्या दोघांनी विचारलं काय खायला घालता म्हणून.

घरात आई, आजी, मुलगा. मुलगा पुण्यातल्या आयटी कंपनीत, पण काम घरूनच. आजीला शुगर आहे, आणि मुलाच्या बहिणीचं दोन वर्षांचं बाळ महिन्यातले पंधरा दिवस इथेच असतं. हे शेवटचं वाक्य लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे. यांच्याकडे आधी एक लॅब्रॅडॉर होता, तो आयुष्यभर दूध-चपाती आणि ग्लुकोज बिस्किटांवर वाढला, प्रचंड लठ्ठ झाला, कातडीची खाज कधी गेलीच नाही, आणि तो गेल्यावर मुलाने ठरवलं की पुढचं पिल्लू आणलं तर त्याला असलं काही द्यायचं नाही. त्यामुळे हा मुलगा निष्काळजी वगैरे अजिबात नव्हता, उलट मी बघितलेल्या सगळ्यात काळजी घेणाऱ्या मालकांपैकी एक. वही ठेवलेली, रोजचं वजन, रोजचं खाणं, शी कशी झाली, सगळं लिहिलेलं. त्या वहीमुळेच निदान पटकन झालं.

त्याने वाचलं होतं ते रॉ फीडिंगचं नेहमीचं साहित्य. इयन बिलिंगहर्स्ट नावाच्या ऑस्ट्रेलियन व्हेटने, म्हणजे पशुवैद्याने, १९९३ मध्ये ही कल्पना पुस्तकातून लोकांसमोर आणली, कुत्र्याने कच्चं मांस, कच्ची मांसल हाडं, अवयव आणि थोडा भाजीपाला खावा अशी. पुढे त्याची सोपी मापं निघाली, त्यातलं सगळ्यात चालणारं म्हणजे ८० टक्के मांस, १० टक्के हाड, ५ टक्के कलेजी आणि ५ टक्के दुसरे अवयव. आता हे माप परिपूर्ण आहे असं मी म्हणणार नाही, त्यात झिंक, आयोडिन, मॅंगनीज, व्हिटॅमिन ई अशा बऱ्याच गोष्टी कमी पडतात, पण त्यात एक गोष्ट मात्र ज्याने मांडली त्याने विचार करून ठेवलेली आहे, ती म्हणजे ते १० टक्के हाड. लांडगा हरणाचं फक्त बिनहाडाचं मांस खात नाही, हाडासकट खातो.

आणि या घरात नेमकं तेच वगळलं गेलं.

कारण विचारलं तर आजी म्हणाल्या, "डॉक्टर, कोंबडीची हाडं कुत्र्याच्या घशात अडकतात, आतडं फाटतं, आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. मीच सांगितलं याला, हाड द्यायचं नाही." आजींचं म्हणणं शिजवलेल्या हाडांबाबत शंभर टक्के बरोबर आहे, शिजवलेलं हाड ठिसूळ होतं आणि त्याचे टोकदार तुकडे पडतात. कच्च्या हाडाचे तसे तुकडे कमी पडतात, पण तेही अडकू शकतं, दात तुटू शकतो, बद्धकोष्ठ होतं, त्यामुळे त्यांची भीती काही खोटी नव्हती. मुलाने मग चिकनवाल्याकडून बोनलेस घ्यायला सुरुवात केली, महाग असलं तरी. रोजचं खाणं वहीत स्वच्छ अक्षरात होतं: बोनलेस चिकन ६०० ग्रॅम कच्चं, कलेजी १०० ग्रॅम कच्ची, एक वाटी दही, किसलेलं गाजर. दोन महिन्यांचा असल्यापासून प्रमाण थोडं थोडं वाढवत इथपर्यंत आणलेलं. मधेच कोणीतरी पाया सूप द्या म्हणालं म्हणून आठवड्यातून दोनदा तेही.

तपासताना दिसलं ते असं. पुढचे पंजे पसरलेले, बोटं फाकलेली, मनगटापाशी पाय किंचित आत झुकलेले. सांधे सुजलेले नव्हते, पण लांब हाडांवरून अंगठा हलकाच दाबत नेला की मांडीच्या आणि नडगीच्या हाडावर तो मान वळवून माझ्या हाताकडे बघायचा, चावायला नाही, नुसतं थांब म्हणायला. पाठीवर दाबल्यावरही अंग आखडत होता.

इथे थोडं थांबून सांगते, कारण जर्मन शेफर्डचं पिल्लू पाय बदलून बदलून लंगडतंय म्हटल्यावर निम्मे लोक, त्यात डॉक्टरही आले, लगेच म्हणतात पॅनोस्टिआयटिस, वाढीचं दुखणं, आपोआप बरं होईल, गोळी द्या. याला आधी तेच सांगून पेनकिलर दिलेलं होतं. आणि खरंच, या जातीत, नरांमध्ये, साधारण पाच महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत पॅनोस्टिआयटिस खूप दिसतो, त्यामुळे शंका चुकीची नाही. आपल्याकडे दुसरी शंका घ्यायलाच हवी ती गोचीड तापाची, एर्लिकियामुळेही सांधे धरतात. ती टेस्ट केली, निगेटिव्ह आली. राहिला एक्सरे.

एक्सरेत चांगलं हाड कसं दिसतं, तर कडेला ठसठशीत पांढरी रेघ, ते बाहेरचं कठीण कवच, आणि आजूबाजूचं मांस करडं. खंड्याच्या मांडीच्या हाडाची कडेची रेघ इतकी बारीक होती की शोधावी लागत होती, आणि हाडाचा रंग शेजारच्या मांसाच्या रंगात जवळजवळ मिसळून गेलेला. पॅनोस्टिआयटिसमध्ये उलटं असतं, हाडाच्या पोकळीत पांढरट ठिपके वाढतात. उजव्या मांडीच्या हाडात एक जागी घडी पडल्यासारखं दिसत होतं, म्हणजे हाड पूर्ण तुटलं नव्हतं, पण दुमडलं होतं, आणि हे कुठे पडून नाही, सोफ्यावरून उतरताना झालं असावं. हाडांच्या टोकाच्या वाढीच्या पट्ट्या मात्र व्यवस्थित होत्या. मुडदूस असता, म्हणजे मुख्य कमतरता व्हिटॅमिन डीची असती, तर त्या पट्ट्या रुंद आणि वेड्यावाकड्या दिसल्या असत्या.

मुलाने मोबाईलवर ब्लड रिपोर्ट दाखवला, आधी दुसरीकडे केलेला. कॅल्शियम नॉर्मल. तो म्हणाला, "डॉक्टर, कॅल्शियम तर बरोबर आहे ना, मग कमी कसं पडेल?"

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि इथेच बहुतेक घरं फसतात. रक्तातलं कॅल्शियम शरीर कुठल्याही परिस्थितीत सांभाळतं, कारण ते घसरलं तर स्नायू आणि हृदय अडचणीत येतात. खाण्यातून आलं नाही की गळ्याजवळच्या पॅराथायरॉइड ग्रंथी हॉर्मोन सोडतात आणि ते हॉर्मोन हाडातून कॅल्शियम उपसून रक्तात आणतं. पगार आला नाही तर माणूस एफडी मोडून घर चालवतो, बाहेरून बघणाऱ्याला सगळं सुरळीत दिसतं, तसंच हे. वर मांसातून फॉस्फरस भरपूर येत असेल तर त्या ग्रंथींना आणखी चिथावणी मिळते. याला पोषणातून होणारा सेकंडरी हायपरपॅराथायरॉइडिझम म्हणतात, नाव मोठं आहे, पण कारण अगदी साधं, नुसतं मांस. म्हणून अशा केसमध्ये रक्ताचा रिपोर्ट बघून निर्धास्त होऊ नका, एक्सरे आणि रोजच्या खाण्याचा हिशोब या दोन गोष्टी बघा.

तो हिशोब आम्ही तिथेच टेबलावर केला, त्याच्याच वहीत. १०० ग्रॅम बोनलेस चिकनमध्ये कॅल्शियम साधारण १० मिलिग्रॅम, फॉस्फरस २०० च्या आसपास. म्हणजे ६०० ग्रॅमचे झाले कॅल्शियम ६० आणि फॉस्फरस १२००. कलेजीतून कॅल्शियम १० आणि फॉस्फरस ३००. दह्याच्या वाटीतून धरा १३० आणि १००. बेरीज केली तर कॅल्शियम २०० मिलिग्रॅम आणि फॉस्फरस १६००. आता गरज किती? वाढत्या पिल्लाला दर १००० कॅलरीमागे साधारण ३००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, आणि हे सगळं खाणं हजार कॅलरीच्या आसपास जातं. म्हणजे गरजेच्या पंधराव्या हिश्श्याइतकं कॅल्शियम मिळत होतं. शिवाय कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्त असायला हवं, इथे ते त्याच्या आठव्या भागाइतकं होतं. कलेजीसुद्धा रॉ वाल्यांच्या स्वतःच्या मापाच्या जवळजवळ तिप्पट जात होती. मुलगा आकड्यांकडे बघत बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मी प्रोटीनचे टक्के मोजत होतो."

पाया सूपबद्दल आईंनी विचारलं, त्यात तर हाडंच असतात ना. असतात, पण पाण्यात उकळून हाडातलं कॅल्शियम फारसं सुटत नाही, सुटतं ते जिलेटिन आणि चरबी. सूप चविष्ट लागतं, कॅल्शियमच्या हिशोबात ते जवळपास शून्य धरा.

सल्ले देणारेही बरेच होते. कोवळ्या उन्हात बसवा, हा सगळ्यांचा आवडता. माणसाच्या बाळाला तो ठीक आहे, कुत्र्याच्या कातडीत मात्र उन्हाने पुरेसं व्हिटॅमिन डी तयारच होत नाही, त्यांना ते खाण्यातूनच लागतं, म्हणजे मासे, अंड्याचा बलक, कलेजी किंवा तयार सप्लिमेंट. उन्हात बसून तो खूश होईल एवढंच. दुसरा सल्ला भयंकर होता, आईंच्या डॉक्टरांनी दिलेलं ६०,००० युनिटचं व्हिटॅमिन डीचं पाकीट याला दुधातून द्या म्हणून शेजारून कोणीतरी सांगितलेलं. १६ किलोच्या पिल्लाला ते एक पाकीट म्हणजे विषबाधेच्या उंबरठ्याजवळ, आणि दर आठवड्याला दिलं असतं तर किडन्याच गेल्या असत्या. आजींनी अडवलं म्हणून दिलं गेलं नाही. आणि तिसरा, कॅल्शियमचं इंजेक्शन मारा आणि सिरपची बाटली चालू करा. हे मुळीच करायचं नव्हतं. मोठ्या जातीच्या लहान पिल्लांना जादा कॅल्शियम बाहेर टाकता येत नाही, आतड्यातून जेवढं आलं त्यातलं बरंच शोषलं जातं, आणि जास्त झालं की कूर्चा बिघडते, हाडं वाकडी वाढतात. हॉलंडमध्ये उट्रेख्तला ग्रेट डेनच्या पिल्लांवर यावर १९८० च्या दशकात बरंच काम झालंय. म्हणजे खड्ड्यातून काढून विहिरीत टाकण्यासारखं, अंदाजाने ओतायची ही गोष्टच नाही.

उपचार खरं तर कंटाळवाणा होता. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं पूर्ण समतोल तयार खाणं, दुसरं काहीही नाही, कमीत कमी दोन महिने. यावर मुलाशी वाद झाला. "पॅकेटमध्ये काय भरतात कुणाला माहीत," तो म्हणाला. मी म्हटलं, तुझी शंका रास्त आहे, पण आत्ता याच्या हाडांना रोज न चुकता नेमकं कॅल्शियम हवंय आणि घरी ते बसवायला शिकेपर्यंत वेळ नाहीये आपल्याकडे. तो तयार झाला ते एका अटीवर, की नंतर घरचं जेवण मी बसवून द्यायचं. सोबत दुखण्याचं औषध वजनाप्रमाणे, थोडेच दिवस, आणि घरातली कुठलीही पेनकिलर द्यायची नाही. दुखणं कमी झालं की पिल्लू उड्या मारतं आणि कमकुवत हाड मोडतं, म्हणून बंदोबस्त कडक: छोट्या जागेत ठेवायचं, जिना बंद, सोफा बंद, गुळगुळीत फरशीवर जुन्या सतरंज्या, शी-शूला पट्ट्याने बाहेर आणि परत.

आठवड्याभरात तो स्वतःहून उठायला लागला, दोन आठवड्यांनी शेपूट हलवत क्लिनिकच्या दारातून चालत आत आला. दोन महिन्यांच्या एक्सरेत हाडाची कडेची रेघ ठळक परत आलेली, घडी भरून आलेली. मणक्यात काही झालं नव्हतं हे त्याचं नशीब, मणका दबला असता तर मागचे पाय कायमचे जाऊ शकतात. पुढचा डावा पाय मात्र मनगटाशी थोडा वाकडाच राहिला, तो राहणार.

मग दुसरा प्रश्न. खंड्या आता मोठा झाला, वाढ संपली, तर हाडासकट व्यवस्थित रॉ चालू करू का, असं मुलाने विचारलं. त्याला रॉचे फायदे दिसले होते आणि ते खोटे नव्हते. केस चमकतात कारण चरबी चांगली मिळते, शी कमी आणि घट्ट होते कारण मांस जवळजवळ सगळं पचतं. पण हे दोन्ही फायदे शिजवलेल्या ताज्या खाण्यातूनही मिळतात, आणि ही गोष्ट रॉच्या चर्चेत कोणी बोलतच नाही. कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला धान्य पचत नाही, हेही पूर्ण खरं नाही. २०१३ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की पिष्ट पचवणाऱ्या एका जीनच्या लांडग्यात दोन प्रती असतात तर कुत्र्यात ४ पासून ३० पर्यंत. माणसाच्या चुलीपाशी राहून राहून तो बदललाय, भात-भाकरी त्याला विष नाही.

कच्च्या मांसाची माझी खरी अडचण आपल्या बाजाराची आहे. आपलं चिकनचं दुकान डोळ्यासमोर आणा, पिंजऱ्यात जिवंत कोंबड्या, शेजारी ड्रम, एकच लाकडी ठोकळा, एकच सुरी, पिसं काढायचं मशीन दिवसभर न धुता चालू, आणि कुत्र्यासाठी म्हटलं की बाजूला टाकलेल्या ढिगातलं पिशवीत भरून देतात. आपण ते मांस फोडणी देऊन शिजवतो म्हणून निभावतं. कच्चं दिलं की त्यातले साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर असले पोट बिघडवणारे जंतू सगळे ताटात, तोंडात, मग त्या जिभेने बाळाच्या गालावर. युरोपातल्या पॅकबंद, फ्रोझन मालाची सुद्धा काय अवस्था आहे बघा: हॉलंडमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत ३५ फ्रोझन रॉ प्रॉडक्ट्सपैकी ७ मध्ये साल्मोनेला, १९ मध्ये लिस्टेरिया आणि २८ मध्ये अँटिबायोटिकला दाद न देणारा ई. कोलाय सापडला. फ्रीझरमध्ये ठेवून हे जंतू मरत नाहीत, झोपतात फक्त. कुत्रा स्वतः ठणठणीत दिसत असतानाही शीतून साल्मोनेला टाकत राहतो. त्याच वर्षी मेलबर्नच्या अभ्यासात पायातली ताकद जाऊन लुळ्या पडणाऱ्या कुत्र्यांमध्ये कॅम्पायलोबॅक्टर सापडण्याची शक्यता कितीतरी जास्त दिसली, आणि संशय कच्च्या चिकनवर, त्यातही मानेच्या तुकड्यांवर. बोकडाची कच्ची वजडी, फुप्फुस, कलेजी देणाऱ्यांना तर मी हात जोडून सांगते, त्यात हायडॅटिड नावाच्या जंताच्या गाठी असल्या तर कुत्र्याच्या पोटात जंत होतात, त्यांची अंडी शीतून घरात येतात आणि माणसाच्या लिव्हरमध्ये गाठ धरते. इथे शुगरची आजी आणि लहान बाळ एकाच घरात. अशा घरात कच्चं मांस नको, इतकं स्पष्ट मी सांगितलं.

एखाद्याकडे फक्त धडधाकट मोठी माणसं आहेत, कुत्र्याची वाढ संपलेली आहे, मांस खात्रीच्या ठिकाणचं आहे, आणि पोषणाचा हिशोब एखाद्या जाणकार व्हेटने बसवून दिलाय, तर मी भांडत नाही. पण पिल्लाला, विशेषतः मोठ्या जातीच्या पिल्लाला, घरी अंदाजाने रॉ देऊ नका. कच्चं की शिजवलेलं हा वाद तिथे नंतरचा, आधी ते हाडाचं गणित.

खंड्याला वर्षाचा झाल्यावर जे बसवून दिलं ते असं, आणि हे त्याच्यासाठीचं आहे, ३० किलोचा, बांधून न ठेवलेला, दिवसातून दोनदा फिरणारा कुत्रा: चिकन ४०० ग्रॅम आणि तांदूळ १५० ग्रॅम, दोन्ही कच्चं असताना मोजलेलं, कलेजी ४० ग्रॅम, एक अंडं, मूठ-दोन मूठ भोपळा किंवा गाजर, सगळं कुकरला, हाडं काढून, कांदा-लसूण अजिबात नाही. आठवड्यातून दोनदा चिकनच्या जागी थोडी तारली. वरून अंड्याच्या टरफलाची भाजून बारीक केलेली पूड, रोज ४ ते ५ ग्रॅम, चमच्याने नाही तर काट्यावर मोजून, कारण टरफलात कॅल्शियम साधारण ३८ टक्के असतं आणि फॉस्फरस जवळजवळ नसतोच, त्यामुळे मांसातली कॅल्शियमची कमतरता तेच नेमकी भरून काढतं. शिवाय झिंक, आयोडिन, व्हिटॅमिन डी आणि ई असलेलं कुत्र्यांचं सप्लिमेंट.

मुलाने त्यासाठी सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा मागवला. वही अजून चालू आहे, फक्त आता प्रोटीनच्या शेजारी कॅल्शियम आणि फॉस्फरसचे दोन रकाने वाढलेत, आणि दर सहा महिन्यांनी तो ती घेऊन वजन करायला येतो.